‘स्वातंत्र्यवीर’ म्हटले कोणी?

२८ मे, म्हणजे सावरकर जयंती, जवळ आली की एक प्रश्न न चुकता वर येतो: सावरकरांना ‘स्वातंत्र्यवीर’ ही पदवी दिली कोणी? चाहते तो उत्तर ठाऊक असल्याच्या थाटात विचारतात आणि विरोधक उत्तर सापडू नये अशा आशेने. नाशिककरांना हा प्रश्न अंमळ जवळचा. सावरकरांचे जन्मगाव भगूर देवळालीला लागून. त्यांचा क्रांतिकारी मित्रमेळा आणि पुढची ‘अभिनव भारत’ तिळभांडेश्वराच्या गल्लीत वाढलेली. आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या महापालिकेच्या जलतरण तलावालाही स्वातंत्र्यवीरांचेच नाव. (तलावाचे नाव ठरवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मार्सेलिसची उडी नसती तरच नवल.)

या प्रश्नावर आजवर जी उत्तरे दिली गेली, ती एकदा शेजारी शेजारी मांडून पाहण्यासारखी आहेत. त्यात सगळ्यांत लोकप्रिय उत्तर आचार्य अत्र्यांचे.

गोष्ट अशी सांगतात. साल १९३६. सावरकरांच्या एका भाषणावरून काँग्रेसवाले खवळलेले. अत्र्यांनी सावरकरांना पुण्यात बालमोहन नाटक मंडळींच्या कार्यक्रमाला बोलावले. सावरकर आले तर काळी निशाणे दाखवू, अशी पत्रके वाटली गेली. तरी थिएटर तुडुंब भरले. अत्रे उठले आणि म्हणाले, जो काळ्या पाण्याला भ्याला नाही तो काळ्या निशाणांना काय भिणार. आणि त्याच भाषणात त्यांनी सावरकरांना ‘स्वातंत्र्यवीर’ म्हटले. टाळ्या पडल्या, पदवी चिकटली.

गोष्ट अत्र्यांना शोभणारी आहे. काळे पाणी आणि काळे निशाण ही कोटी दुसऱ्या कोणाच्या तोंडी घातली तरी लोक अत्र्यांचीच समजतील. बालमोहनचा संदर्भही पटतो. दामूअण्णा जोश्यांच्या या मंडळीने ‘साष्टांग नमस्कार’पासून ‘लग्नाची बेडी’पर्यंत अत्र्यांची नाटके एकामागून एक गाजवली होती, तिथला रंगमंच म्हणजे अत्र्यांचे घरच. खटकते ते फक्त साल.

६ जानेवारी १९२४ रोजी सावरकर येरवड्यातून सुटले ते दोन अटींवर: रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारणात पडायचे नाही. मुदत पाच वर्षांची सांगितली होती, पण ती वाढत वाढत तेरा वर्षांवर गेली. मधे परवानगीने बाहेर पडणे झाले. १९२४ सालीच रत्नागिरीत प्लेग आला तेव्हा त्यांना काही काळ नाशिकला राहू दिले होते. पण पुण्याच्या भर थिएटरात, काँग्रेसशी राजकीय वाद पेटलेला असताना, जाहीर सभेला? स्थानबद्ध माणसाला हे कोण करू देणार? बंधने उठली १० मे १९३७ रोजी. मुंबई प्रांतात तेव्हा धनजीशा कूपर यांचे औट घटकेचे मंत्रिमंडळ होते. जमनादास मेहता त्यात मंत्री झाले ते सावरकरांच्या सुटकेचा आग्रह धरूनच. तेव्हा अत्र्यांची गोष्ट खरी धरायची तर ती १९३७च्या मेनंतर न्यावी लागते. पण १९३६ हे साल एका लेखातून दुसऱ्यात, पुस्तकातून भाषणात असे बिनदिक्कत फिरते आहे. सुटकेची तारीख त्याच लेखांत चार ओळी खाली दिलेली असते, तरी दोन्ही साले कोणी जोडून पाहत नाही.

माझ्या मते सालाची ही चूक दुरुस्त केली की गोष्ट कमकुवत न होता उलट जास्त अर्थपूर्ण होते. १९३७ साली सावरकर बाहेर आले तेव्हा त्यांचे वय ५३. ज्या कामांनी त्यांचे नाव झाले ती सगळी १९१०च्या आतली: लंडन, सत्तावनच्या समरावरचे पुस्तक, मार्च १९१०ची अटक, जुलैतली मार्सेलिसची उडी. मधे अंदमान, मग रत्नागिरी. पतितपावन मंदिर, सहभोजने, भाषाशुद्धी, ‘उःशाप’ आणि ‘संन्यस्त खड्ग’सारखी नाटके हे सारे घडले खरे, पण राजकारणातला सावरकर सत्तावीस वर्षे कोणी पाहिला नव्हता. १९३७ साली विशीत असलेल्या मुलाला दांडीयात्रा आठवत होती. नाशिकचा कट त्याने वडिलांकडून ऐकलेला. अशा पिढीपुढे या गृहस्थांना उभे करायचे तर ओळख करून देणे भाग होते, आणि व्यासपीठावर ओळख करून द्यायला दोन मिनिटे मिळतात. ‘स्वातंत्र्यवीर’ हा एक शब्द ते काम करतो. त्यात काँग्रेसचा सावरकर नाही, हिंदुमहासभेचाही नाही. डिसेंबर १९३७मध्ये अहमदाबादला ते महासभेचे अध्यक्ष झाले. त्यानंतर ही ओळख पक्षाशिवाय करून देणे अवघड झाले असते. अत्रे स्वतः महासभेचे नव्हते, त्या काळी त्यांचा ओढा काँग्रेसकडेच होता. अशा माणसाने दिलेला शब्द सभागृहातल्या सगळ्यांना घेता आला.

त्याच १९३७ सालातल्या आणखी दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. अत्र्यांनीच लिहिलेला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘धर्मवीर’ हा चित्रपट त्या वर्षी झळकला. समाजात धर्मात्मा म्हणून मिरवणाऱ्या ढोंग्याची त्यात रेवडी उडवलेली होती. आणि नाशिकला त्याच साली भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले, ज्याचे संस्थापक डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांना त्यांचे अनुयायी ‘धर्मवीर’ म्हणत. चित्रपटाचा रोख मुंज्यांवर होता असे मुळीच सुचवायचे नाही. मुद्दा इतकाच की ‘वीर’ लावून माणूस मोठा करण्याची लाट तेव्हा इतकी आली होती की एकाच लेखकाला एका हाताने तो शब्द बहाल करता येत होता आणि दुसऱ्या हाताने त्याची टर उडवता येत होती. साहित्यशास्त्रात वीररसाचे चार प्रकार सांगतात, दानवीर, धर्मवीर, दयावीर आणि युद्धवीर. विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने त्यांत कर्मवीर घातला, स्वातंत्र्यवीर घातला, आणि यादी अजून बंद झालेली नाही.

दुसरे उत्तर विरोधकांचे. ते म्हणतात, ही पदवी सावरकरांनी स्वतःच स्वतःला घेतली. पुरावा म्हणून १९२६ साली मद्रासहून निघालेले ‘लाइफ ऑफ बॅरिस्टर सावरकर’ हे पुस्तक पुढे करतात. लेखकाचे नाव ‘चित्रगुप्त’. पुस्तकात सावरकरांच्या धाडसाची, बुद्धीची, निर्भयतेची स्तुती पानोपानी आहे. १९८७च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत प्रकाशकांच्या बाजूनेच उघड झाले की चित्रगुप्त म्हणजे खुद्द सावरकर. हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. टोपणनावाने आपलेच चरित्र लिहिणे हा तेव्हाही सरळ व्यवहार नव्हता. मात्र त्यावरून ‘स्वातंत्र्यवीर’पर्यंत उडी मारणे म्हणजे पुस्तकाचे मुखपृष्ठसुद्धा न पाहणे. तिथे शब्द आहे ‘बॅरिस्टर’.

आणि मजा त्या शब्दातच आहे. सावरकर परीक्षा उत्तीर्ण झाले होते, पण १९०९ साली ग्रेज इनच्या पंचांनी त्यांना सनद द्यायचे नाकारले. बॅरिस्टर ही रीतसर, संस्थेने द्यायची, कागदावर मिळणारी पदवी. ती त्यांना मिळालीच नाही. तरी महाराष्ट्र त्यांना वर्षानुवर्षे ‘बॅरिस्टर सावरकर’ म्हणत राहिला, पत्रिकांवर ‘बॅ.’ छापत राहिला. जी कागदावर नाकारली ती लोकांनी चालवली. मग जी कागदावर कधी नव्हतीच तिचा कागद मागण्यात काय हशील?

नाशिकमध्ये तर या पद्धतीचे मासले पावलोपावली आहेत. मित्रमेळ्यातले पांगळे कवी गोविंद त्र्यंबक दरेकर. त्यांची ओळख ‘स्वातंत्र्यशाहीर कवी गोविंद’. क्रांतिकारक कवितांच्या ज्या पुस्तिकेवरून १९०९ साली सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, तिच्या वातावरणाचे हे शाहीर. म्हणजे माणसाला ‘स्वातंत्र्य’ जोडण्याची वाट अत्र्यांच्या सभेआधी याच गावातून गेलेली होती. दुसरीकडे, बाबारावांवर खटला भरणारा कलेक्टर जॅक्सन. संस्कृतचा व्यासंगी म्हणून त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणणारेही नाशिकचेच. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग ठेवला होता तो याच पंडिताच्या निरोपासाठी. तिथे अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे, देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांनी घडवलेल्या शब्दांत मोजतात. आज नाशिकचे क्रिकेटचे मैदान ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ आहे. सावरकरांनी घेतलेल्या पदवीबद्दल आपण इतके भांडतो, त्यांनी दिलेल्या पदवीकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती तर फ्लोरा फाउंटनपर्यंत जाऊन पोहोचली.

आता जरा बाहेर पाहू. ‘पदवी दिली कोणी’ या प्रश्नाला निर्विवाद उत्तर असलेले मोठे उदाहरण महाराष्ट्रात एक आहे, ते जोतीराव फुल्यांचे. ११ मे १८८८, मुंबईचे मांडवी कोळीवाडा, जाहीर सभा, आणि ‘महात्मा’ म्हणून गौरव करणारे विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर. तारीख, जागा, माणूस, सगळे जागच्या जागी. कारण सत्यशोधकांना समारंभाची गरज होती. ज्यांना विद्वत्सभांत कोणी विचारत नव्हते, त्यांनी आपली सभा भरवली आणि आपल्या माणसाला आपल्या हाताने मान दिला. देणे हेच तिथे राजकारण होते.

टिळकांचे याच्या उलट. ‘लोकमान्य’ हा शब्द वर्तमानपत्रे, सभा आणि बोलणे यांतून वर आला, आणि इतका घट्ट बसला की नाव गळून पडले तरी चालते. त्याला समारंभ शोधायचाच तर जुलै १९१६चा पाहावा. साठीनिमित्त पुण्यात लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि त्याच सुमारास सरकारने चांगल्या वर्तणुकीच्या जामिनाची नोटीस हातात ठेवली. पुढच्या मे महिन्यात नाशिकच्या प्रांतिक परिषदेत होमरूलवर बोलायला उभे राहिले ते थैली आणि नोटीस दोन्ही घेतलेले टिळक.

गांधींच्या बाबतीत तर दावेदारांची रांग आहे. लोकांना पाठ आहे ते रवींद्रनाथांचे नाव. सौराष्ट्रात जेतपूरचे लोक २१ जानेवारी १९१५चे मानपत्र दाखवतात, नौतमलाल मेहतांनी दिलेले, ज्यात ‘महात्मा’ हा शब्द आहे. गोंडलचा दावा निराळाच. २०१६ साली राजकोट जिल्हा पंचायतीच्या तलाठी परीक्षेत हाच प्रश्न आला. उत्तर टागोर की सौराष्ट्रातला एक निनावी पत्रकार, यावरून मामला गुजरात उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने टागोरांच्या बाजूने कौल दिला. एका गुणासाठी इतिहासाचा निवाडा! परीक्षेला एकच बरोबर उत्तर लागते. पदव्या अशा एका उत्तरात बसत नाहीत. एक जण म्हणतो, दुसरा छापतो, तिसरा घोषणेत घेतो, आणि चार वर्षांनी सगळ्यांना वाटते की हे पहिल्यापासूनच होते.

‘नेताजी’, ‘सरदार’, ‘सेनापती’ यांची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिथे काम आधी आणि नाव मागून आले: बार्डोलीचा लढा आणि वल्लभभाई, मुळशीचा सत्याग्रह आणि बापट. ‘राष्ट्रपिता’ला मात्र नेमकी तारीख आहे, ६ जुलै १९४४, सुभाषबाबूंचे आझाद हिंद रेडिओवरचे भाषण.

या सगळ्या पदव्या एकाच काळात का उगवल्या, हे कळायला सरकारी पदव्या आठवाव्या लागतात. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, सर. नव्या वर्षाच्या आणि राजाच्या वाढदिवसाच्या याद्यांकडे डोळे लावून बसणारा एक वर्ग प्रत्येक जिल्ह्याच्या गावी होता. १९१९ला टागोरांनी ‘सर’ टाकला, १९२०ला गांधींनी कैसर-ए-हिंद पदक परत केले, आणि असहकाराच्या ठरावात पदवीत्याग हे पहिले कलम झाले. सरकारचे दुकान बंद करायचे तर लोकांचे दुकान उघडावे लागते. लोकांच्या दुकानात मानपत्र, थैली, मिरवणूक, हस्तपत्रक आणि दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र एवढाच माल. पण सरकारच्या सनदेपेक्षा तो टिकाऊ निघाला. त्या काळच्या रावबहादुरांची नावे आज कोणाला आठवतात?

राज्यघटनेच्या १८व्या कलमाने राज्याने पदव्या देणे बंद केले. तरीही राज्य आज लोकांनी दिलेल्या पदव्या उचलून आपल्या करते. पोर्ट ब्लेअरच्या विमानतळाला ‘वीर सावरकर’ नाव मिळाले ते २००२ साली. मराठीतला ‘स्वातंत्र्य’ हिंदीत आणि इंग्रजीत जाताना वाटेतच गळाला आणि उरला नुसता ‘वीर’. यात फरक पडतो. ‘स्वातंत्र्यवीर’ म्हणजे एका विशिष्ट कामातला वीर. १९१०पर्यंतच्या कामांकडे बोट दाखवून तो शब्द सांभाळता येतो. नुसत्या ‘वीर’ला मात्र अख्ख्या आयुष्याचा हिशेब द्यावा लागतो. त्यामुळे अंदमानातून १९११, १९१३, १९२० अशा सालांत केलेले अर्ज काढून विरोधक त्याच्यापुढे ‘माफीवीर’ ठेवतात. समर्थकांचे म्हणणे, ते अर्ज कैद्याला कायद्याने मिळालेला मार्ग होते, डावपेच होते, आणि गांधींनीही मे १९२०मध्ये ‘यंग इंडिया’त सावरकर बंधूंच्या सुटकेची बाजू मांडली होती. अर्जांची भाषा नरम होती, हे वाचणाऱ्या कोणालाही दिसते. आणि पन्नास वर्षांची शिक्षा झालेला माणूस दहा वर्षे तिथे होता, हेही. शिवी म्हणून केलेली उलटी पदवीसुद्धा ‘वीर’ ठेवूनच करावी लागली, हा या शब्दाच्या पकडीचा पुरावा. २०२३ साली राज्य सरकारने २८ मे हा ‘स्वातंत्र्यवीर गौरव दिन’ जाहीर केला, तेव्हा पदवीच दिनविशेष झाली, माणसाचे नाव त्यात घालण्याचीही गरज उरली नाही.

पदव्या सरकतात, हेही ध्यानात घ्यावे. ‘हिंदुहृदयसम्राट’ म्हटले की आज बाळासाहेब ठाकरे. पण महासभेच्या वर्तुळात तो शब्द आधी सावरकरांसाठी होता. २०२०मध्ये राज ठाकऱ्यांनी आपल्या कार्यकर्त्यांना बजावले की मला हे म्हणू नका, ते बाळासाहेबांचे. संभाजी महाराज ‘धर्मवीर’ की ‘स्वराज्यरक्षक’ यावरून २०२२च्या अखेरीस विधानसभेतल्या एका वाक्याने महिनाभर रान पेटले. ‘स्वातंत्र्यवीर’ मात्र दुसऱ्या कोणाकडे सरकली नाही. नाव न घेता नुसते ‘स्वातंत्र्यवीर’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच टोपी आणि एकच चष्मा येतो. माझ्या लेखी पदवी खरी की खोटी हे ठरवायची कसोटी हीच: नाव काढून पाहा, माणूस ओळखू येतो का.

या कसोटीला ‘कर्मवीर’ लावून पाहिली की गंमत होते. साताऱ्यात कर्मवीर म्हणजे भाऊराव पाटील, शंका नको. नाशिकमध्ये विचारले तर ‘कोणते?’ असा प्रश्न येतो. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा. तो उभा करणारे सगळेच कर्मवीर. शहरात सगळे ज्याला केटीएचएम म्हणतात त्या कॉलेजच्या नावातला पहिला ‘के’ कर्मवीरांचा, पुढे थोरात, हिरे, मुरकुटे. के. के. वाघ इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलाला विचारा, दोन ‘के’ कशाचे? एक कर्मवीर, दुसरा काकासाहेब. मूळ नाव देवराम सयाजी. त्यातले एकही अक्षर आद्याक्षरांत उरले नाही. पदवी आणि घरगुती मानाचे नाव या दोघांनी मिळून माणसाचे पाळण्यातले नाव पुसून टाकले. सहकारी कारखाने आणि शिक्षणसंस्था यांच्या या जिल्ह्यात काम करणाऱ्याला मान मिळाला तो संस्थेच्या पाटीवर, आणि पाट्या अनेक म्हणून कर्मवीरही अनेक.

त्यांत एक कर्मवीर वेगळे आहेत, दादासाहेब गायकवाड. भाऊराव कृष्णाजी, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीस तेच. मुंबई विधानसभेत ते स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून गेले. जानेवारी १९३८मध्ये खेर मंत्रिमंडळाने स्थानिक मंडळांच्या कायद्यात अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालणारी दुरुस्ती आणली. शब्द गांधींनी रूढ केलेला, हेतू सन्मानाचा. गायकवाडांनी उभे राहून विरोध केला. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही देवाची माणसे, तर बाकीचे कोणाची? नाव बदलल्याने पाणवठा मोकळा होत नाही, आणि ज्यांना नाव द्यायचे त्यांना विचारलेले नाही. बहुमताने दुरुस्ती पुढे गेली. आंबेडकर, गायकवाड आणि पक्षाचे सगळे सदस्य सभागृहातून उठून बाहेर गेले.

सन्मान म्हणून दिलेला शब्द ज्याने भर सभागृहात नाकारला, त्याला त्याच्या लोकांनी ‘कर्मवीर’ म्हटले आणि तो शब्द त्याने चालू दिला. १९६८ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ती नावाआधी लावता येत नाही; १९९५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच सांगितले आहे. ‘कर्मवीर’ लावायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही, कारण ती परत घेऊ शकेल असे कार्यालयच नाही.